गाडीसाठी लाकडी शेड: कोकणातल्या अंगणात स्वतः बांधताना

चार-सहा खांब, वर उतरते छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या, असे गाडीच्या शेडचे रूप साधे असते. त्यामुळे ती बांधायला घेणारा बहुधा एकच विचार करतो, तो म्हणजे खांबांना छपराचे वजन पेलेल का. कोकणात खरी काळजी याच्या नेमकी उलट करावी लागते. पत्र्याचे हलके छप्पर खाली बसण्याची भीती फारशी नसते. ते वर उचलले जाण्याची मात्र मोठी भीती असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा गावोगावचे पत्रे उडाले. खालून शिरलेल्या वाऱ्याने छप्पर वर ढकलले आणि त्याला खाली धरून ठेवणारे कुठेतरी अपुरे पडले.

जुन्या वाड्यांतले लाकडी खांब दगडी तळखड्यावर नुसते उभे केलेले असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या हलत नाहीत, म्हणून तीच रीत शेडसाठी वापरावी असे अनेकांना वाटते. वाड्याच्या खांबावर माळा, भिंती, जाड वासे आणि कौले यांचे प्रचंड वजन असते आणि त्या वजनानेच खांब जागच्या जागी राहतो. पत्र्याच्या शेडमध्ये हे वजन नाही, त्यामुळे तळखडा खांबाला ओलीपासून वाचवील, पण वाऱ्यात धरून ठेवणार नाही. म्हणून या लेखात प्रत्येक सांध्याकडे एकाच प्रश्नाने पाहिले आहे: हा सांधा वर ओढला तर सुटेल का?

आकार आणि हिशेब

चार मीटरच्या आतली छोटी गाडी सुमारे १३ फूट लांब असते आणि मोठ्या एसयूव्ही साधारण १५ फुटांपर्यंत जातात. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर गुणिले पाच मीटर जागा धरली जाते, पण दार पूर्ण उघडून पावसात सामान काढायचे असेल तर ती कमी पडते. म्हणून खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत रुंदी १० फूट आणि लांबी १६ फूट धरावी. लांबीच्या दोन्ही बाजूंना ८ फुटांच्या अंतराने तीन-तीन, म्हणजे एकूण सहा खांब येतात. छप्पर रुंदीत दोन्हीकडे एक फूट आणि लांबीत दोन्हीकडे दोन फूट बाहेर काढले की ते १२ गुणिले २० फुटांचे, म्हणजे २४० चौरस फुटांचे होते.

आता वाऱ्याचा हिशेब. वाऱ्यासंबंधीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर दिला आहे. या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो होतो. आपले छप्पर २२ चौरस मीटरांहून थोडे मोठे असल्याने एकूण दाब अडीच टनांच्या वर जातो. त्यातला निम्मा जरी वरच्या दिशेने लागला तरी १,३०० किलोंची उचल झाली. पत्रा, रिपा (वाशांवर आडव्या बसणाऱ्या, पत्रा धरणाऱ्या पट्ट्या), वासे आणि तुळया मिळून या छपराचे वजन ५०० किलोंच्या आसपास भरते. उरलेली ८०० किलोंची ओढ सहा खांबांनी जमिनीत पोहोचवायची असते आणि तीही समान वाटली जात नाही, कारण वाऱ्याच्या तोंडावरच्या कोपऱ्यातल्या खांबावर ती सर्वाधिक येते. हा ढोबळ हिशेब आहे. शेड मोठी असेल, घर उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, किंवा थेट किनाऱ्यावर असेल किंवा कौलांचे छप्पर करायचे असेल, तर स्थापत्य अभियंत्याकडून मापे तपासून घ्यावीत.

उतार एकाच बाजूला ठेवणे घरी काम करणाऱ्याला सोपे जाते. एका रांगेच्या तुळईचा तळ जमिनीपासून साडेसात फुटांवर आणि दुसरीचा साडेनऊ फुटांवर ठेवला की १० फुटांत दोन फुटांचा उतार मिळतो, जो पत्र्याला पुरेसा आहे. कौलांना याच्या दुपटीहून अधिक उतार लागतो. शिवाय मंगळुरी कौलांचे वजन दर चौरस मीटरला चाळीस किलोंच्या पुढे जात असल्याने सगळी लाकडे जाड करावी लागतात. कौलारू शेड घराला शोभून दिसते यात शंका नाही, पण पहिल्यांदाच बांधणाऱ्याने पत्र्याची शेड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. छपराची खालची बाजू पश्चिमेला ठेवली तर पावसाचे फटकारे आत कमी येतात आणि वाऱ्याला छपराखाली शिरायला उंच तोंड मिळत नाही. त्यासाठी गाडी उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून आत यावी लागते. फाटकाच्या जागेमुळे ते जमत नसेल तर निदान उंच बाजू घराच्या आडोशाला येईल असे पाहावे.

जागा निवडताना वर पाहायला विसरू नये. नारळाखाली शेड बांधणे म्हणजे पत्र्याला आणि गाडीच्या काचेला रोजचा धोका. नारळ पडत नसला तरी झावळी पडतेच. फणस आणि जुन्या आंब्याच्या फांद्यांचेही तसेच. विजेची तार वरून जात असेल तर ती आधी हलवून घ्यावी.

परवानगीबद्दल थोडक्यात सांगायचे तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत आराखडा दाखवून लेखी विचारणा करावी, कारण हद्दीपासून सोडायचे अंतर ठिकाणानुसार बदलते; समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियमही लागू होतात. लाकूड स्वतःच्या आवारातले असले तरी सावध राहावे. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ नुसार सागवान, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ अशी अनुसूचित झाडे खासगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तोडलेला माल हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो. वखारीतून लाकूड घेतले तर पावती जपून ठेवावी.

लाकूड

उघड्यावरच्या कामासाठी सागवान उत्तम, पण ते झाडाच्या गाभ्याचे असावे. बाहेरचा पांढरट थर सागाचा असला तरी वाळवीला आणि कुजीला टिकत नाही. वखारीत स्वस्त म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कोवळ्या सागाच्या फळ्यांत हा थरच जास्त असतो, तेव्हा प्रत्येक नगाची चारही अंगे आणि दोन्ही टोके पाहून घ्यावीत. ऐन आणि किंजळ ही कोकणातल्या घरांची जुनी लाकडे वाशांना आणि तुळयांना चांगली चालतात. ती जड आणि कठीण असल्यामुळे खिळा मारण्याआधी गिरमिटाने भोक पाडावे लागते. आंब्याचे लाकूड या कामात वापरू नये. पाडलेल्या घराचे जुने वासे मिळत असतील तर ते घ्यायला हरकत नाही. मात्र पूर्वी भिंतीत गाडलेले टोक पटाशीने टोचून पाहावे आणि जिथे पटाशी सहज आत जाईल तिथपर्यंत कापून टाकावे.

खांब पाच इंच चौरस, तुळया चार बाय सहा, वासे अडीच बाय पाच, रिपा दोन बाय तीन आणि तिरके टेकू तीन बाय चार इंचांचे धरावेत. आठ फुटी तीन आणि दहा फुटी तीन खांब, वीस फुटांच्या दोन तुळया, तेरा फुटी नऊ वासे, वीस फुटांच्या पाच रिपा आणि तीन फुटी चौदा टेकू मिळून सुमारे ३४ घनफूट होतात. कापण्यात वाया जाणारे धरून ३८ घनफूट मागवावे. तुळई आणि वासा नेहमी उभा, म्हणजे मोठे माप उंचीत येईल असा बसवायचा असतो.

लाकूड आणल्यावर ते सावलीत, जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या ठेवून रचावे आणि वारा खेळू द्यावा. दिवाळीनंतर लाकूड आणून फेब्रुवारीपर्यंत वाळवणे, मार्चमध्ये पाया आणि एप्रिलमध्ये उभारणी, असा क्रम कोकणात सोयीचा पडतो. मे महिन्यातले वळीव गाठण्याआधी पत्रे चढलेले असावेत.

जोडकाम सुरू करण्याआधी रंधा मारून सर्व नगांना वाळवीरोधक औषधाचे दोन हात द्यावेत. कापलेली टोके औषधात काही वेळ बुडवून ठेवावीत, कारण टोकाकडून लाकूड सर्वांत वेगाने पाणी पिते. अनेक गावांत काजूच्या टरफलाचे तेल वाशांना लावतात. ते उपयुक्त आहे, पण कातडीवर पडले तर फोड येतात, म्हणून रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच लावावे.

पाया आणि लोखंडी बूट

जमिनीवर दोरीने १० गुणिले १६ फुटांचा चौकोन आखावा. कोपरे काटकोनात आहेत का हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही १८ फूट १० इंच आणि साधारण साडेतीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आले पाहिजेत. एखादा इंच फरक असला तर खुंट्या सरकवून तो इथेच काढावा, कारण इथला एक इंच वर पत्र्यापर्यंत पोहोचतो आणि मग पत्रे तिरके बसतात.

प्रत्येक खांबाखाली दीड फूट चौरस आणि अडीच फूट खोल खड्डा घ्यावा. तांबडी माती असेल तर घट्ट थर लागेपर्यंत आणखी खाली जावे. जांभ्याचा कातळ लागला तर पहारीने आणि छिन्नीने जमेल तितके खोल जावे; पण खोली खूपच कमी भरत असेल तर कातळात भोके पाडून सळया रासायनिक अँकरने बसवण्याचे काम अनुभवी माणसाकडून करून घ्यावे. या मापाच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचे वजन ३८० किलोंच्या आसपास होते, म्हणजे सहा ठोकळे मिळून सव्वादोन टनांच्या पुढे जातात. वर काढलेल्या ८०० किलोंच्या ओढीला हेच वजन पुरे पडते. हौसेने बारीक खड्डे घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

खांब काँक्रीटमध्ये गाडू नये. गाडलेल्या खांबाभोवती सूक्ष्म फट पडते, तीत पाणी साचते आणि जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथे, लाकूड काही पावसाळ्यांत कुजते. वरून खांब धडधाकट दिसत असतो. त्याऐवजी गावातल्या फॅब्रिकेटरकडून सहा मिलिमीटर जाड पट्टीचे लोखंडी बूट करून घ्यावेत. बुटाला खांबाच्या दोन बाजूंना येणाऱ्या आठ इंच उंच पट्ट्या, मध्ये खांब टेकायला बैठक आणि बैठकीखाली काँक्रीटमध्ये दीड फूट जाणाऱ्या, टोकाला वाकवलेल्या १६ मिलिमीटरच्या सळया असाव्यात. वेल्डिंग झाल्यावर बूट गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज करून घ्यावेत. खाऱ्या हवेत नुसता रंग तग धरत नाही.

एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी असे मिश्रण घ्यावे. एकूण आठ-नऊ गोणी सिमेंट लागते. ठोकळ्याचा माथा जमिनीपासून सहा इंच वर काढून त्याला चारही बाजूंना उतार द्यावा, आणि बुटाची बैठक त्याच्याही वर किमान एक इंच राहील असे पाहावे. ही इंचभराची मोकळी फट फार मोलाची आहे. तिच्यामुळे खांबाचे टोक पावसानंतर वाळते, आणि वाळवीने वर चढायला मातीची नळी बांधली तर ती उघड्यावर दिसते. सहाही बूट पाण्याच्या नळीने एका पातळीत घ्यावेत आणि ताणलेल्या सुताला लावून एका रेषेत आणावेत. काँक्रीटवर ओले गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारावे. जमिनीवर वाळवीचे औषध टाकायचे असेल तर विहिरीपासून लांब राहावे. विहीर जवळ असेल तर औषध टाळून फटीवरच लक्ष ठेवावे.

उभारणी

खांब उभा करायला तीन माणसे लागतात: दोघे धरायला आणि एक ओळंबा पाहायला. खांब बुटात बसवून दोन दिशांना तात्पुरत्या पट्ट्या ठोकाव्यात, दोन्ही अंगांनी ओळंबा लावावा आणि मगच बुटाच्या पट्ट्यांतून आरपार १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालावेत. दोन्ही बोल्ट एकाच उभ्या रेषेत घेऊ नयेत. लाकूड त्या रेषेत फाटते. एक थोडा डावीकडे, दुसरा थोडा उजवीकडे असावा. किनाऱ्याजवळ बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले तर पुढची कटकट वाचते.

खांबाच्या माथ्याला अडीच इंच खोल आणि सहा इंच उंच खाच घेऊन तीत तुळई बसवावी, म्हणजे तिचे वजन बोल्टवर न येता लाकडावर येते. उरलेल्या अडीच इंचांच्या जिभेतून तुळईत दोन बोल्ट आरपार जातात आणि तेच उचल सोसतात. खाच करवतीने कापून पटाशीने साफ करावी आणि गुण्या लावून पाहावी. तळ सपाट नसेल तर तुळई एका कडेवर टेकते आणि कालांतराने डुलते. वीस फुटी अखंड नग सहसा मिळत नाही, म्हणून दोन तुकडे जोडावे लागतात. हा जोड मधल्या खांबावरच आला पाहिजे. दोन्ही टोके अर्धी-अर्धी कापून फूटभर लांबीत एकावर एक बसवावीत आणि बोल्टने आवळावीत. दोन खांबांच्या मध्ये अधांतरी जोड देणे ही नेहमी दिसणारी आणि सर्वांत धोक्याची चूक आहे.

यानंतर तिरके टेकू. भिंती नसलेली चौकट बाजूने ढकलली की काटकोनी चौकोनाचा तिरका समांतरभुज चौकोन होतो आणि सांधे सैल पडतात. ते टेकूंमुळे थांबते. खांबाच्या माथ्यापासून दोन फूट खालून ४५ अंशांत वर तुळईला जाणारे टेकू कोपऱ्याच्या खांबांना एक-एक आणि मधल्या खांबांना दोन-दोन लावावेत. रुंदीच्या दिशेने प्रत्येक खांबापासून त्याच्या डोक्यावरच्या वाशाला एक टेकू द्यावा. टेकूची दोन्ही टोके बोल्टनेच धरावीत. डोके आपटू नये म्हणून ते खूप खाली घेण्याचा मोह होत नाही, पण गाडीचे दार उघडून एकदा अंदाज घ्यावा.

वासे अडीच-अडीच फुटांवर ठेवल्यास नऊ बसतात. प्रत्येक वाशाला तुळईवर बसेल तिथे अर्धा-पाऊण इंचाची उथळ खाच द्यावी. त्याहून खोल घेतल्यास वासा दुबळा होतो. सुतार सवयीने इथे दोन तिरके खिळे मारून पुढे जातात, आणि वर ओढले की हे खिळे लाकडातून सरळ निसटतात. त्याऐवजी तीन मिलिमीटर जाडीची गॅल्व्हनाइज्ड पट्टी वाशाच्या माथ्यावरून घेऊन दोन्ही बाजूंना तुळईला स्क्रूने धरावी. पत्रा, रीप, वासा, तुळई, खांब, बूट आणि पाया ही एक साखळी आहे आणि वारा तिची सर्वांत कच्ची कडी शोधतो. माझ्या पाहण्यात ती कडी बहुतेक वेळा वासा आणि तुळई यांच्यामध्ये असते. रिपा साधारण तीन फुटांवर, प्रत्येक वाशाला लांब स्क्रूने घट्ट कराव्यात.

पत्रे आणि पाणी

अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा घ्यावा. त्याहून पातळ पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती फाटून निघतो. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो म्हणून पत्रे उत्तर टोकाकडून लावायला सुरुवात करावी, म्हणजे प्रत्येक पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाचे तोंड पावसाकडे येत नाही. स्क्रू रबरी वॉशरचे असावेत, पत्र्याच्या नळीच्या, म्हणजे उंच वळीच्या, माथ्यावर मारावेत आणि रिपेत दीड इंच तरी शिरावेत. छपराच्या चारही कडांच्या रिपांवर प्रत्येक नळीला आणि आत एकाआड एक नळीला स्क्रू द्यावा, कारण वारा आधी कडा उचलतो. वॉशर किंचित दबेल इतकेच आवळावे. चेपून बाहेर आलेला वॉशर उन्हात लवकर फुटतो. पत्र्यावर चढताना पाय रिपेच्या रेषेतच ठेवावा, दोर बांधलेला असावा आणि वारा सुटलेला असताना पत्रा उचलायला घेऊ नये.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर या एवढ्याशा छपरावरून सुमारे ६७,००० लिटर पाणी पश्चिमेच्या वळचणीला उतरते. पागोळ्या तशाच पडू दिल्या तर खांबांच्या बुडाशी चर पडतो आणि उडालेला चिखल लाकडाला कायम ओला ठेवतो. म्हणून पन्हळ लावणे हा पायाच्या कामाचाच भाग समजावा. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ चालते. तिला दर दहा फुटांना इंचभर उतार द्यावा, दोन-दोन फुटांवर पकडी लावाव्यात आणि पाणी माडाच्या आळ्यात किंवा विहिरीच्या पुनर्भरणासाठी वळवावे. खाली जमिनीला गाडीच्या चाकांपासून बाहेरच्या दिशेने हलका उतार असावा. जांभ्याचे चिरे किंवा खडी दोन्ही चालतात.

पश्चिमेला झड, म्हणजे पावसाचा मारा अडवणारा आडोसा, बांधण्याची कोकणातली रीत गाडीसाठीही उपयोगी आहे, पण पूर्ण बाजू बंद केली तर वाऱ्याचा आडवा रेटा सगळ्या चौकटीवर येतो. झड वर आणि खाली फूट-दीड फूट मोकळी ठेवून सुटणाऱ्या गाठीने बांधावी, म्हणजे वादळाचा इशारा आला की ती लगेच उतरवता येईल.

तेल आणि देखभाल

वार्निश उन्हापावसात पापुद्रे धरते आणि त्याखाली पाणी अडकते, म्हणून लाकडाला उकळलेले जवसाचे तेल किंवा बाहेरच्या कामासाठी मिळणारे लाकडाचे तेल देणे चांगले. पहिल्या वर्षी दोन-तीन हात, पुढे दरवर्षी एक. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना तापते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत आणि मग टाकावीत.

पहिल्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि घट्ट आवळलेले बोल्ट हाताने फिरण्याइतके सैल होतात. त्यामुळे ७ जूनच्या सुमारास मृग लागण्याआधी दरवर्षी पान्हा घेऊन सर्व बोल्ट आवळावेत, पन्हळीतली पाने काढावीत, स्क्रूचे फुटलेले वॉशर बदलावेत आणि बुटाखालच्या प्रत्येक फटीत बॅटरी मारून वाळवीची नळी दिसते का ते पाहावे. पावसाळा संपल्यावर पटाशीच्या टोकाने खांबांची बुडे टोचून पाहावीत. एखादे बूड मऊ लागले तर शेजारी तात्पुरता टेकू लावून वरचा भार उचलावा, खराब भाग कापून काढावा आणि तेवढ्याच उंचीचा गाभ्याच्या लाकडाचा तुकडा अर्ध्या-अर्ध्या जोडाने बोल्ट मारून बसवावा. खांब बुटात असल्यामुळे हे काम काँक्रीट न फोडता दोन माणसांना करता येते.